काजळाचे काळेपण

डिसेंबर-जानेवारी आला की शाळाशाळांतून स्नेहसंमेलनांची गडबड सुरू होते. रंगमंचामागच्या वर्गखोलीत बाके एका बाजूला सरकवलेली असतात आणि एखाद्या हौशी बाई किंवा कोणाची तरी ताई ओळीने उभ्या केलेल्या मुलांचे चेहरे रंगवत असते. पावडर झाली, गालांना लाली झाली, ओठ रंगवून झाले, तरी चेहरा अजून ‘दिसत’ नाही. मग काजळाची डबी निघते. पापणीच्या कडेने एक रेघ, कोपऱ्यातून कानाकडे ओढलेली शेपटी, भुवईवर एक फटकारा, आणि पाहता पाहता चौथीतला पोरगा रावण होतो.

या काळ्या रेघेमागे प्रकाशशास्त्र आहे, ज्योतीचे रसायनशास्त्र आहे, खनिजशास्त्र आहे आणि थोडे विषशास्त्रही आहे. यांतल्या शेवटच्या भागासाठीच खरे तर हा लेख लिहीत आहे. पण तिथे पोहोचण्याचा रस्ता बाकीच्या तिघांतून जातो.

रेघ किती जाड हवी?

माणसाचा उघडा डोळा साधारण ३ सेंटिमीटर रुंद आणि १ सेंटिमीटर उंच दिसतो. २० मीटर अंतरावर, म्हणजे सभागृहाच्या मागच्या रांगांत बसलेल्या प्रेक्षकाच्या दृष्टीने, ही ३ सेंटिमीटर रुंदी केवळ ५ कलांएवढा कोन करते (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). आता नेत्रतज्ज्ञाकडचा अक्षरांचा तक्ता आठवा. निर्दोष दृष्टीच्या माणसाला ६ मीटरवरून जे सर्वांत लहान अक्षर वाचता आले पाहिजे, तेही ५ कलांचेच असते आणि त्याच्या प्रत्येक रेघेची जाडी १ कला असते. म्हणजे मागच्या रांगेतल्या प्रेक्षकासाठी नटाचा अख्खा डोळा हे तक्त्यातले शेवटच्या ओळीतले एक अक्षर होय, तेही प्रेक्षकाची दृष्टी उत्तम असेल तर. पापण्यांची मूळची काळसर कड एक-दोन मिलिमीटरची. ती या अंतरावर अर्ध्या कलेचीही भरत नाही आणि आजूबाजूच्या त्वचेच्या रंगात विरून जाते.

२० मीटरवर १ कला म्हणजे जवळजवळ ६ मिलिमीटर. मागच्या रांगेपर्यंत ठळक पोहोचणारी रेघ हवी असेल, तर ती एवढी जाड हवी. आरशात पाहताना ती भयंकर वाटते, पण ती आरशासाठी काढलेलीच नसते. हा हिशेब नववी-दहावीच्या मुलांकडून मैदानावर करून घेण्यासारखा आहे. पांढऱ्या कागदावर एकाच मापाचे दोन डोळे काढावेत, एकाला बारीक कड, दुसऱ्याला ६ मिलिमीटरची, आणि मुलांनी मागे मागे सरकत जावे. कोणता डोळा कोणत्या पावलावर हरवतो हे प्रत्येकाने लिहून ठेवावे. (काळी रेघ पांढऱ्यावर असेल तर ती हिशेबापेक्षा थोडी अधिक दूरवरूनही जाणवते, चौकस विद्यार्थ्याला हा फरक सापडेल आणि मग चांगली चर्चा होईल.)

प्रश्न असा की एवढी धडपड डोळ्यांसाठीच का? कोबायाशी आणि कोशिमा या जपानी शास्त्रज्ञांनी अनेक नरवानर प्राण्यांच्या डोळ्यांची मापे घेऊन १९९७ साली दाखवून दिले, की बुबुळाभोवतीचा जेवढा भाग माणसात उघडा दिसतो, तेवढा इतर कोणत्याही नरवानरात दिसत नाही. माणसात हा भाग पांढरा आहे. त्यामुळे समोरचा कोठे पाहतो आहे, हे आपल्याला क्षणात कळते. चेहऱ्यावर आपण आधी डोळेच शोधतो. काळी रेघ या पांढऱ्याला चौकट घालते, एवढेच तिचे काम.

जिथे उजेड कमी तिथे चौकट मोठी. सिंधुदुर्ग आणि गोव्यातील दशावतारी नाटके रात्री जत्रेत होतात. मशालीच्या किंवा गॅसबत्तीच्या उजेडात राजाचा डोळा दिसायचा, तर तो कानशिलापर्यंत न्यावाच लागे. पण डोळ्यांच्या रंगभूषेची परमावधी पाहायची, तर केरळातील कथकली पाहावी. तेथे तेलाच्या मोठ्या समईच्या उजेडात रात्रभर कथा चाले. काळ्या रेघांची चौकट तर असतेच, पण प्रयोगापूर्वी नट वांग्याच्या कुळातल्या चुंडा नावाच्या झुडपाच्या फुलातला कोवळा बीजभाग चोळून, काळा करून, खालच्या पापणीत ठेवतो. थोड्या वेळात डोळ्यातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुगतात आणि डोळ्यातला पांढरा भाग लालभडक होतो. हिरव्या रंगवलेल्या चेहऱ्यात तो निखाऱ्यासारखा दिसतो. याच परंपरेत चेहऱ्याचा पिवळा रंग हरताळापासून, म्हणजे आर्सेनिकच्या सल्फाइडपासून, आणि लाल रंग हिंगुळापासून, म्हणजे पाऱ्याच्या सल्फाइडपासून येत असे. रंगभूषेचा इतिहास आणि विषांचा इतिहास अनेक ठिकाणी असे एकमेकांना लागून आहेत. काळ्या रंगाचीही तीच गोष्ट आहे.

ज्योतीतून आलेला काळा

आपल्याकडे आजीच्या हातचे काजळ कसे तयार होते, हे अजून पुष्कळांनी पाहिलेले असेल. तुपाची किंवा एरंडेल तेलाची पणती लावायची, तिच्यावर तांब्याचे ताम्हण पालथे धरायचे, जमलेली काजळी खरवडून तुपात खलायची. काही घरांत जोडीला कापूरही जाळतात. यातली प्रत्येक पायरी रसायनशास्त्राला धरून आहे.

तेलाच्या रेणूत कार्बनच्या लांब साखळ्या असतात. ज्योतीच्या आतल्या भागात उष्णता भरपूर, पण ऑक्सिजन अपुरा. तेथे साखळ्या तुटतात, हायड्रोजन सुटा होत जातो आणि कार्बन एकमेकांना चिकटून अतिसूक्ष्म कण बनतात. हेच कण तापून पिवळे चमकतात. पणतीचा उजेड हा वस्तुतः तापलेल्या काजळीचा उजेड आहे. मायकेल फॅरेडे यांनी मेणबत्तीवरील आपल्या प्रसिद्ध व्याख्यानांत १८६०-६१ साली मुलांना हेच दाखवले होते. ज्योत मोकळी सोडली, तर वरच्या कडेला हवा मिळून बहुतेक कण जळून जातात. तिच्यात थंड ताम्हण घातले, की जळण्याआधीच ते निवतात आणि धातूवर बसतात. तांबे घ्यायचे, कारण ते उष्णता झपाट्याने वाहून नेते. कापराच्या रेणूत हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या मानाने कार्बन पुष्कळ, म्हणून त्याची काजळी अधिक. वर्गात स्पिरिटचा दिवा आणि मेणबत्ती शेजारी शेजारी लावून दोन्हींवर चिनी मातीची बशी क्षणभर धरावी. स्पिरिटवर ती पांढरीच राहते.

या काजळीचे मूळ कण एका मिलिमीटरच्या दहा-वीस हजाराव्या भागाएवढे असतात आणि त्यांचे द्राक्षांसारखे घोस बनतात. सर्व रंगांचा प्रकाश त्या घोसांत शोषला जातो, म्हणून ते इतके गडद काळे. काजळी म्हणजे निव्वळ कार्बन मात्र नव्हे. अर्धवट जळालेली डांबरासारखी द्रव्येही तिला चिकटलेली असतात. लंडनमधील शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली धुराडी साफ करणाऱ्या पोरांना होणारा कर्करोग काजळीशी जोडून दाखवला, तो या द्रव्यांमुळे. बोटाच्या टोकावरचे काजळ आणि वर्षानुवर्षे काजळीत लोळणे यांची तुलना होणार नाही, हे उघड आहे. तरीही कारखान्यातला कार्बन डोळ्यांच्या प्रसाधनात वापरायचा, तर तो खास शुद्ध केलेला असावा लागतो. अमेरिकेत अशा अतिशुद्ध कार्बनला २००४ साली परवानगी मिळाली.

एवढे सांगितल्यावर हेही सांगितले पाहिजे, की घरच्या पणतीच्या काजळात शिसे असण्याचे काही कारण नाही.

दगडातून आलेला काळा

आता दुसरे काळे. हे दिव्यातून येत नाही, खाणीतून येते. गॅलेना हे शिशाचे प्रमुख खनिज. रासायनिकदृष्ट्या ते लेड सल्फाइड. त्याचे स्फटिक चौकोनी, चंदेरी, लखलखीत. वाटून पूड केली की ती काळसर राखाडी होते, पण तिच्यातली चमक पूर्ण जात नाही. पश्चिम आशियात आणि उत्तर आफ्रिकेत जे ‘कोह्‌ल’, आपल्याकडे बाजारात जो ‘सुरमा’, त्यात हजारो वर्षे ही पूड वापरली गेली. सुरमा म्हणजे अँटिमनीचे सल्फाइड, असे जुन्या ग्रंथांत आणि शब्दकोशांत दिलेले असते. पण बाजारातले नमुने तपासले, तेव्हा त्यांत बहुधा गॅलेनाच निघाले. दोन्ही खनिजे राखाडी आणि चकाकणारी, गल्लत होणे सहज शक्य होते. आपल्या रसशास्त्रात अंजनांचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतले रसांजन दारुहळदीपासून काढतात, तर नीलांजन म्हणजे गॅलेना असे सामान्यतः मानतात. एका ‘अंजन’ शब्दाखाली वनस्पती आणि शिसे दोन्ही नांदत होते. जाता जाता एक गंमत: ‘अल्कोहोल’ हा शब्दही अरबी ‘अल्-कुह्‌ल’ या अंजनाच्या नावावरूनच आलेला आहे. बारीक पूड, मग कोणत्याही पदार्थाचा सत्त्वांश आणि शेवटी दारूचा सत्त्वांश, असा त्याचा प्रवास झाला.

प्राचीन इजिप्तच्या लोकांनी या बाबतीत कमालच केली होती. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात इजिप्तमधील थडग्यांत सापडलेल्या अंजनाच्या डब्या आहेत. इसवी सनापूर्वी २००० ते १२०० या काळातल्या, आणि काहींत पूड अजून शिल्लक आहे. फिलिप वॉल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे क्ष-किरणांच्या साहाय्याने विश्लेषण करून १९९९ साली ‘नेचर’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. (या कामात एका सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या संशोधकांचाही सहभाग होता.) काळ्या गॅलेनाबरोबर त्यांना लॉरिओनाइट आणि फॉस्जेनाइट ही शिशाची दोन पांढरी क्लोराइडयुक्त संयुगे मिळाली. निसर्गात ती इतकी दुर्मीळ आहेत, की डब्यांत आढळलेले प्रमाण खाणीतून आणून भागण्यासारखे नव्हते. म्हणजे ती मुद्दाम तयार केलेली होती.

कशी? मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचा ऑक्साइड, आणि मीठ पाण्यात कालवून ठेवायचे. सावकाश अभिक्रिया होते:

शिशाचा ऑक्साइड + मीठ + पाणी → लॉरिओनाइट + सोडियम हायड्रॉक्साइड

उजव्या बाजूचा अल्कली साठत गेला, की अभिक्रिया पुढे सरकत नाही. म्हणून वरचे पाणी रोज ओतून टाकायचे, नवे घालायचे, आणि हे काही आठवडे चालू ठेवायचे. समतोल उजवीकडे ढकलण्यासाठी तयार होणारा पदार्थ काढून घ्यावा, हे आपण बारावीला शिकवतो. नाईलकाठचे कारागीर ते चार हजार वर्षांपूर्वी हाताने करत होते. रोमन काळातील लेखकांनीही अशा कृतीचे वर्णन करून ठेवले आहे.

पुढे २०१० साली पॅरिसच्याच क्रिस्तियान आमातोर यांच्या गटाने या संयुगांतून सुटणाऱ्या शिशाच्या अत्यल्प मात्रेचा त्वचेच्या एकेका पेशीवर काय परिणाम होतो, हे मोजले. पेशींनी सोडलेल्या नायट्रिक ऑक्साइडचे प्रमाण दुपटीहून अधिक वाढले. नायट्रिक ऑक्साइड शरीराच्या जंतुप्रतिकाराला चालना देतो. तेव्हा या अंजनाने डोळ्यांचे रोगांपासून रक्षण होत असावे, असा तर्क त्यांनी मांडला. वृत्तपत्रांनी त्याचे ‘शिशाचे काजळ औषधी’ असे मथळे केले. एवढी उडी घेण्याचे कारण नव्हते. प्रयोग काचेच्या बशीतल्या पेशींवर होता, आणि पेशीला चेतवणारे शिसे शरीरात शिरल्यावर पुढे कोठे जाते, हा प्रश्न त्या प्रयोगाने विचारलेलाच नव्हता.

डोळ्यातून पोटात

लेड सल्फाइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून ते निरुपद्रवी, असा युक्तिवाद काही जण करतात, आणि पहिल्या नजरेत तो पटण्याजोगा आहे. पण डोळ्यात औषधाचा थेंब टाकल्यावर काही वेळाने घशात कडू चव येते, हा अनुभव कोणाला नाही? पापण्यांच्या नाकाकडच्या कोपऱ्यात वर-खाली एकेक बारीक छिद्र असते. अश्रू या छिद्रांतून अश्रुनलिकेत, तेथून नाकात आणि नाकातून घशात उतरतात. रडताना नाक वाहते, ते याचमुळे. डोळ्याच्या कडेला लावलेली पूड अश्रूंबरोबर याच वाटेने पोटापर्यंत जाऊ शकते. लहान मुलाच्या बाबतीत त्याहून सोपी वाट आहे: ते डोळे चोळते आणि तीच बोटे तोंडात घालते. पोटात हायड्रोक्लोरिक आम्ल वाट पाहतच असते. पाण्यात न विरघळणारे लेड सल्फाइड आम्लात काही अंशी विरघळते, आणि शिसे रक्तात शिरायला मोकळे होते.

हिशेब करून पाहू. शिशाचा अणुभार २०७, गंधकाचा ३२; तेव्हा शुद्ध गॅलेनात वजनाने सुमारे ८७ टक्के शिसे असते. अमेरिकेतील बॉस्टनमध्ये २०११ साली एका सहा महिन्यांच्या बाळाच्या रक्तात शिसे आढळले. त्याच्या पापण्यांना नायजेरियाहून आणलेले ‘तिरो’ नावाचे अंजन लावत असत. त्यात ८२.६ टक्के शिसे निघाले, म्हणजे ते जवळजवळ निव्वळ गॅलेनाच होते. २०१३ साली न्यू मेक्सिको राज्यात अफगाणिस्तानातून आणलेली एक पूड तपासली, तिच्यात ५४ टक्के शिसे होते. तिचे नाव होते ‘काजल’. आपण ज्याला काजळ म्हणतो आणि ज्यात शिशाचा अंशही नसतो, त्याचेच नाव.

या दुसऱ्या पुडीचे केवळ १० मिलिग्रॅम, म्हणजे चिमटीलाही न जाणवणारे कण, पोटात गेले असे धरा. त्यात ५,४०० माइक्रोग्रॅम शिसे आले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ साली लहान मुलांसाठी अन्नातून जाणाऱ्या शिशाचा जो संदर्भ-आकडा ठरवला, तो आहे दिवसाला २.२ माइक्रोग्रॅम. गॅलेनातले सगळे शिसे शरीरात शोषले जात नाही, हे खरे. फार थोडेच शोषले जाते असे मानले, तरी हा फरक भरून निघत नाही.

शिशाचा शरीराला उपयोग शून्य. पण शिशाचा आयन कॅल्शियमच्या आयनाची नक्कल करतो आणि त्याच्या वाटांनी आत शिरतो. रक्तातले हिमोग्लोबिन बनवणाऱ्या एका वितंचकात तो जस्ताची जागा बळकावतो. हाडांत जाऊन बसला, की दहा-वीस वर्षे हलत नाही. सर्वांत वाईट म्हणजे वाढत्या मेंदूत पेशींची जोडणी चालू असते, तिच्यात तो लुडबूड करतो. यातून मूल आजारी दिसतेच असे नाही. ते थोडे चिडचिडे होते, लक्ष कमी लागते, शिकण्यात थोडे मागे पडते, आणि हे शिशामुळे झाले असा संशय कोणालाच येत नाही. शिक्षकालाही नाही. शिशाची अमुक पातळी मुलांसाठी निर्धोक, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही. रक्तात डेसिलिटरला ५ माइक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळले, तर ते कोठून आले याचा शोध घ्यावा, असे तिने २०२१ साली सांगितले आहे. भारतात २००० साली पेट्रोलमधून शिसे काढले गेले, ही मोठी गोष्ट झाली. पण पेट्रोलचे शिसे सरकारी आदेशाने जाते, डबीतले जात नाही.

ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डोळ्यांच्या प्रसाधनातून झालेल्या शिशाच्या विषबाधेची नोंद १९६८ सालीच आली होती. १९७८ साली त्याच नियतकालिकात ब्रिटनमधील सुरमा लावणाऱ्या आणि न लावणाऱ्या आशियाई मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. लावणाऱ्यांच्या रक्तात शिसे अधिक होते. त्यानंतर अशा नोंदी येतच राहिल्या आहेत. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांत रंगासाठी शिशाची किंवा आर्सेनिकची संयुगे वापरायला कायद्याने बंदी आहे. मात्र पुडीत बांधून मिळणारा, यात्रेतून, उरुसातून किंवा परदेशातून नातेवाइकांनी प्रेमाने आणलेला सुरमा कोणत्या परवान्याखाली तयार झालेला असतो?

डबीतले काळे कसे ओळखावे?

दुकानात मिळणाऱ्या छापील वेष्टनाच्या काजळात काळा रंग आज बहुधा लोहाच्या काळ्या ऑक्साइडचा किंवा शुद्ध केलेल्या कार्बनचा असतो. यांतला पहिला चुंबकाला दाद देतो. काजळाचा कण खाद्यतेलाच्या थेंबात चांगला पातळ करून काचपट्टीवर घ्यावा आणि पट्टीखालून जोरदार चुंबक सावकाश फिरवावा. काळे कण चुंबकामागे सरकू लागले, तर लोहाचा ऑक्साइड आहे. न सरकले, तर कार्बन असेल किंवा दुसरे काही, एवढेच म्हणता येते.

कोरड्या पुडीच्या बाबतीत वजन बोलते. कार्बनच्या कणांची घनता पाण्याच्या दुपटीपेक्षा कमी, गॅलेनाची साडेसात पट. बोटभर सुरम्याची कुपी हातात जड लागली, उन्हात धरल्यावर पूड चंदेरी चमकली, तर शंका घ्यायला जागा आहे. याउपर शाळेत काही करू नये. पूड तापवली तर शिशाच्या ऑक्साइडची वाफ आणि गंधकाचा धूर निघेल; आम्ल टाकले तर सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी हायड्रोजन सल्फाइड निघेल. हे प्रयोग वर्गात करावेत असे नाहीत. क्ष-किरण प्रतिदीप्तीच्या उपकरणाने पूड न जाळता, न विरघळवता काही मिनिटांत उत्तर मिळते, आणि अशी उपकरणे आता पुष्कळ विद्यापीठांत आहेत.

पापणीची कड

शिसे नसले म्हणजे सगळे संपले असे नाही. पापणीची त्वचा शरीरात सर्वांत पातळ, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. पापणीच्या कडेवर, पापणीच्या केसांच्या आत, वीस-तीस सूक्ष्म ग्रंथींची तोंडे एका ओळीत उघडतात. त्यांतून पाझरणारे तेल अश्रूंच्या थरावर पसरून त्याचे बाष्पीभवन रोखते. काजळ नेमके या तोंडांवर फिरते. २०१५ साली कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले, की पेन्सिल केसांच्या आतल्या बाजूने फिरवली, तर तिचे कण बाहेरच्या रेघेपेक्षा अधिक प्रमाणात आणि लवकर अश्रूंच्या थरात उतरतात. डोळे कोरडे पडणाऱ्यांनी आणि स्पर्शभिंगे वापरणाऱ्यांनी रेघ केसांच्या बाहेर काढावी, हा सल्ला यातून निघतो. रंगमंचासाठी तर बाहेरचीच रेघ दिसते. आतली मागच्या रांगेला दिसतही नाही, हे आपण वर पाहिलेच.

तान्ह्या बाळाच्या डोळ्यांना काजळ घातल्याने ते मोठे होतात, ही समजूत पक्की रुजलेली आहे. जन्मतः नेत्रगोल पुढून मागे सुमारे १७ मिलिमीटरचा असतो आणि वाढत २४ मिलिमीटरच्या आसपास जातो, काजळ घातले तरी आणि न घातले तरी. बाळाच्या डोळ्यात जाते ते आजीचे बोट आणि त्या बोटावरचे जंतू. नजर लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल, तर ती कपाळावर किंवा तळपायाला लावावी. आजीशी वाद घालण्यापेक्षा हा मार्ग सोपा पडतो.

एकच सळई अनेकांच्या डोळ्यांत फिरवण्याने खुपरीचा, म्हणजे ट्रॅकोमाचा, प्रसार होत असे. हा रोग सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली जाहीर केले. पण डोळे येण्याची साथ संपलेली नाही. २०२३च्या पावसाळ्यात महाराष्ट्राने ती चांगलीच अनुभवली. संमेलनात वीस मुलांना एकच पेन्सिल फिरते, तेव्हा त्या साथीला आपण आयते वाहन देतो. मुलांनी आपापली पेन्सिल घरून आणावी. ते जमत नसेल तर प्रत्येकासाठी कापसाची वेगळी काडी घ्यावी आणि वापरलेली काडी पुन्हा डबीत घालू नये. हस्तकलेची चमकी पापण्यांवर लावू नये. तिचे तुकडे धारदार असतात आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला ओरखडा काढतात. केसांचा काळा रंग भुवयांना किंवा पापण्यांना तर कधीच नको. १९३३ साली अमेरिकेत ‘लॅश ल्यूर’ नावाच्या पापण्यांच्या रंगाने स्त्रियांचे डोळे गेले, एक जीवही गेला. त्यातले रसायन आजही केसांच्या अनेक काळ्या रंगांत आणि ‘काळ्या मेंदी’त असते. अमेरिकेत १९३८ साली प्रसाधनांवर कायदा आला, त्यामागे या घटनेचा मोठा वाटा होता.

रंग उतरवताना साबण डोळ्याजवळ नेऊ नये. साबण अल्कधर्मी, अश्रू जवळजवळ उदासीन. झोंबते ते यामुळे. रंगाचा आधार तेल किंवा मेण असतो, म्हणून तो तेलानेच सुटतो. डोळा मिटून, तेलाचा बोट पुसलेला स्वच्छ कापूस पापणीवर अलगद फिरवावा, मग ओल्या कापडाने टिपून घ्यावे. चोळू नये.

राहता राहिली सुरम्याची कुपी. वर्गात चर्चा झाली, की एखादे मूल दुसऱ्या दिवशी ती घरून घेऊन येईलच. सुरमा अनेक घरांत श्रद्धेने लावला जातो, तेव्हा चारचौघांत त्या मुलाला किंवा त्याच्या घराला नावे ठेवली, तर कुपी पुन्हा कधी दिसणार नाही आणि सुरमा मात्र चालूच राहील. पालकांशी एकट्यात बोलावे. घरात पाच-सहा वर्षांखालचे मूल असेल किंवा कोणी गरोदर असेल, तर सुरमा लगेच थांबवून डॉक्टरांकडून रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यायला सांगावे. ती साध्या रक्ताच्या नमुन्यावर होते. कुपी फेकून न देता तपासणीला जाताना बरोबर न्यावी, कारण रक्तात शिसे आढळलेच तर ते कोठून आले याचा पहिला पुरावा तीच असते.